करंट मुरतो कुठं

जीप विकायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. पोरानं पालमचं गिऱ्हाईकसुद्धा बोलावून ठेवलं, संध्याकाळी येतो म्हणून. माझे गुडघे गेलेले, एसटीच्या पायऱ्या चढणं होत नाही. आमचं भजनी मंडळ त्या जीपमधूनच गावोगाव जातं अन् चालवतो मी. जीप गेली की ओट्यावर बसून रस्ता बघायचा, एवढंच उरणार होतं.

जीपचं दुखणं असं, की टपावरच्या भजनाच्या भोंग्याचा आवाज वाढवला की त्याचं मशीन घोगरं व्हायचं, अन् माइकपुढं मृदंगावर थाप पडली की समोरचे दिवे मिणमिणायचे. बोरीच्या मिस्त्रीनं बॅटरी बघितली, डायनामो बघितला. दोन्ही ठीक. मग म्हणाला, सगळी वायरिंग सडली, एखाद्या दिवशी पेट घेईल. झालं, पोरानं धसका घेतला.

मी दुसरीच्या पुढं शाळा बघितली नाही. पण विहिरीवरची मोटार जन्मात कुणाला खोलू दिली नाही. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज पुरं असतं अन् विहिरीवर मोटार नुसती घुमते, तेव्हा मोटारीला शिव्या देऊन काय उपयोग? मधल्या कुठल्या तरी सांध्यात करंट मुरत असतो. जीपचंही तेच, असं माझं म्हणणं. ऐकतो कोण!

दुपारी इंडिकेटरचा बारका बल्ब घेतला, त्याला दोन वायरी बांधल्या अन् बायकोला हाक मारली.

"ह्या वयात मला मिस्त्रीण करता का?"

"तू नुसता बल्ब बघ. पेटला तर सांग."

इंजिन एका झटक्यात चालू झालं. भोंगा फुल सोडला. एक वायर बॅटरीच्या लाल टोकाला, दुसरी मशीनच्या लाल वायरीला. बल्ब थंड. मधे करंट मुरत असता तर पेटला असता. म्हणजे करंट जायची वाट साफ. मग एक वायर बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरी उघड्या पत्र्याला.

"पेटला, आवं पेटला! बिडीवानी लाल झालाय!" भोंग्याच्या वर तिचा आवाज.

तिथं उजेड पडायलाच नको होता. पत्र्यातून बॅटरीकडं परतायची वाट अडली होती. पत्रा बॅटरीला जोडणारी अर्थिंगची पट्टी खोलली, तर खाली चकचकीत हिरवा ऑइलपेंट.

"हा तर बैलांच्या शिंगाचा रंग."

"दसऱ्याच्या पूजेला मीच लावला की. बैल इकले, म्हणलं हिलाच सजवावं."

"अन् नटबी खोलला?"

"मग? पट्टीखाली गंज होता. गंजकी जीप पूजेला ठिवू?"

रंगातून करंट जात नाही, हे तिला कोण सांगणार. पॉलिशपेपरनं पत्रा चांदीवानी घासला, पट्टी आवळली. बल्ब परत धरला. ठिणगीसुद्धा नाही. छातीवरचं जातं उतरल्यासारखं झालं, मी तिथंच मडगार्डवर टेकलो.

संध्याकाळी पोरगा पालमच्या पाव्हण्याला घेऊन आला. मी दिवे लावले, भोंगा सोडला. दिवे हलेनात. पोरानं खाली वाकून एकेक वायर चाचपली.

"आबा, गरम न्हाई की कुठं."

"मंग इतके दिस काय सांगायलोय?"

पाव्हणा खुश. "आता तर घेतोच मी."

पोरानं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "पाव्हणं, चहा घ्या. जीप इकायची न्हाई."

पाव्हण्याला फाट्यावर सोडायला मीच गेलो. वाटभर तो भाव वाढवत होता, अन् मी भोंग्याचा आवाज.