सुईचं तेवढं सांगितलं नाही

आफ्रिकेची सफारी ठरली तेव्हा मला सिंह आठवला नाही की हत्ती आठवला नाही. मला मेळघाटातल्या विश्रामगृहाची चूल आठवली.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही घरचे अकरा जण धारणीकडे जंगल पाहायला गेलो होतो. पहाटे सगळे जीपमध्ये चढले आणि अकोल्याची माझी थोरली जाऊ मला म्हणाली, "जागा नाही वं. तू थांब, सयपाक पाह्य." मी थांबले. त्यांना वाघ दिसला. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात ती तो वाघ बाहेर काढते आणि शेवटी माझ्याकडे बोट करते, "अन हे बाई तिकडं भाकरी थापून राहिली होती!" सगळे हसतात. मीही हसत आले आणि आतल्या आत जळत आले.

आता आम्ही नवराबायको निघालो हे कळताच तिनंही नाव घातलं. दीर गुडघ्यांमुळे घरीच राहणार होते. फोनवर हुकूम आला, "तयारीचं तूच पाह्य. मले ते कागदं नको दाखवू. काय लागते तेवढं सांगत जा."

सहलवाल्यांनी पाठवलेले सूचनांचे कागद अमरावतीला माझ्याकडेच आले होते. त्यातली एक सूचना वाचली आणि मी खुर्चीतच ताठ झाले. पिवळ्या तापाची सुई निघायच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यायची आणि ती घेतल्याच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक जवळ ठेवायचं. ते नसेल तर विमानात चढू देत नाहीत. म्हणजे जीप सुटणार आणि ती मागं राहणार. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

आम्ही दोघांनी नागपूरला जाऊन सुई घेतली. "वहिनीला सांगितलंस ना?" नवऱ्यानं विचारलं. "सगळं सांगते आहे," मी म्हटलं.

खरंच सगळं सांगत होते. रोज फोन. बॅग मऊ कापडाची हवी, चाकं नकोत, कारण तिथलं छोटं विमान पंधरा किलोच घेतं. निळे, काळे कपडे नकोत, एक चावरी माशी त्या रंगांवर येते. मातकट रंगाचे मोजे. टोपीला हनुवटीखाली नाडी. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून. प्लॅस्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत, तिकडे बंदी आहे. इतकी गोड मी तिच्याशी आयुष्यात बोलले नव्हते.

निघायच्या अकरा दिवस आधी, म्हणजे सुईच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, तिची बॅग भरायला मी अकोल्याला गेले. खरं सांगते, वाटेत मन कच्चं झालं होतं. मूर्तिजापूरपर्यंत मी ठरवलं होतं की आज सांगून टाकायचं. बॅग उघडली तर आत कपड्यांच्या खाली लोखंडी तवा आणि ज्वारीच्या पिठाचा डबा.

"हे काय, जाऊबाई?"

"तिथं भाकर कोण देईन? तू हायेस ना थापाले."

मी तवा काढून बाजूला ठेवला, वजनाचं कारण सांगितलं, चहा प्यायले आणि परत आले. दुसरा दिवस गेला. फोन केला नाही.

मुंबईच्या विमानतळावर रांगेत मी तिच्या मागं उभी राहिले. मला तिचा चेहरा पाहायचा होता. काउंटरवरच्या मुलीनं पुस्तक मागितलं. जाऊबाईंनी पर्सची चेन उघडली आणि पिवळं पुस्तक काढून तिच्यापुढं ठेवलं.

पुढं बाकावर बसल्यावर ती माझ्याकडे न पाहता बोलली. "मलेरियाच्या गोळ्या मांगाले गेली तं डॉक्टरनंच इचारलं, ते सुई घेतली काय म्हणून. लेकासंग जाऊन घेऊन आली. मंग रोज तुह्या फोनची वाट पाह्यली. तुनं टोपीची नाडी सांगतली. सुईचं तेवढं नाही सांगतलं."

मी मांडीवरच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत बसले.

"काहून नाही सांगतलं ते बी समजते मले," ती म्हणाली. "त्या दिवशी जीपमधी जागा होती. मीच नाही म्हटलं."

हे एक वाक्य ऐकण्यासाठी मी बावीस वर्षं झुरले होते. चारचौघांत तिला ते बोलायला लावून मग काय काय सुनवायचं, तेही पाठ होतं. आणि तिनं ते मला अशा वेळी दिलं, जेव्हा माझ्याकडे रागवायला तोंडच उरलं नव्हतं. त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.