उन्हात ठेवलेला ऑर्गन

आमच्या मुऐदरच्या घरात पाणी शिरलं त्या दुपारी मी ऑफिसात होतो. दोह्यात वर्षभराचा पाऊस एका दुपारी पडतो, आणि पुढे जायला वाट नाही म्हणून लोकांच्या घरात मुक्काम करतो. मी पोचलो तेव्हा बाबा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते आणि हॉलमध्ये त्यांचा ऑर्गन गुडघाभर पाण्यात उभा होता.

बाबांनी तीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. पायाने भाता मारायचा, हाताने सूर धरायचे आणि मान वर करून नटाच्या तोंडाकडे बघत राहायचं. कंपनी बंद पडली तेव्हा मालकांनी तो त्यांच्याच स्वाधीन केला. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणायचं ठरवलं, तेव्हा त्यांची अट एकच होती, तो येईल तर मी येईन. अल सद्दच्या आमच्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये तो मावेना, म्हणून मुऐदरला तळमजल्यावर घर घेतलं. म्हणजे पाण्याच्या तोंडी त्याला मीच नेऊन ठेवलं होतं.

बाबांना हल्ली नावं आठवत नाहीत, जेवलो की नाही तेही आठवत नाही. ऑर्गनवर बसले की मात्र नांदीपासून भरतवाक्यापर्यंत सगळं बिनचूक. त्यांचं जे काही शिल्लक होतं ते तिथेच होतं.

पाणी ओसरल्यावर शेजारच्या दोघांना हाताशी घेऊन मी तो अंगणात काढला. ओल्या वस्तूला ऊन दाखवायचं हे आपल्या रक्तातच आहे. गाद्या, डाळी, पुस्तकं, सगळ्यांवर तोच इलाज. आणि कतारमध्ये उन्हाला काय तोटा?

"उन्हात ठेवू नकोस," बाबा दारातून म्हणाले. "सावलीत वाळू दे. महिना लागला तरी लागू दे."

"बाबा, बुरशी धरेल. तुम्ही आत बसा बघू."

"उंटावरचा शहाणा आहेस."

मला हसू आलं. बावीस वर्षं मी गॅस प्लांटमध्ये कॉम्प्रेसर उघडतो आणि जोडतो. हवा कुठून गळते ते मला कळतं, असा माझा समज. सकाळचं दुपारी विसरणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं, असं मी चक्क मनात म्हटलं. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन दिवस तो उन्हात होता, वर गरम वारा. तिसऱ्या दिवशी आतून काडकन आवाज आला.

मुऐदरच्याच बाजारात रत्नागिरीकडचे एक सुतार आहेत. वयाने मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ऑर्गन त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, पण लाकूड त्यांना कळतं. मागची फळी काढून त्यांनी टॉर्च मारला आणि लाकडावरून बोट फिरवलं.

"उन्हात ठेवलंत काय ह्याला?"

"तीन दिवस."

"पाणी सोसलं असतं हो यानं. जुनं लाकूड, फुगलं असतं, हळूहळू परत बसलं असतं. ऊन नाय सोसलं. डावीकडचं बघतो मी. उजवीकडचं खलास."

चार शुक्रवार आम्ही दोघं त्याच्यापुढे बसलो. भात्याचं कुजलेलं कापड सोलून नवं चिकटवलं. सुरांच्या पितळी पट्ट्या एकेक करून टूथब्रशने घासल्या. डावी बाजू धरली. उजवीकडची फळी मात्र उभी चिरली होती. भुसा आणि सरस भरावा, तर पुढच्या शुक्रवारी चीर पुन्हा उघडी. हवा सुरापर्यंत पोचायच्या आधीच निसटायची.

दर शुक्रवारी बाबा विचारायचे, "काय झालं रे याला?"

"पाणी गेलं आत," मी सांगायचो. उन्हाबद्दल आपणच बजावलं होतं हे ते विसरले होते, आणि मला ते बरंच वाटत होतं.

पाचव्या शुक्रवारी बाबा हात धुऊन, टोपी घालून ऑर्गनवर बसले. भाता मारला. खालचे सूर उठले, जरा घोगरे, पण भरदार. त्यांची पाठ ताठ झाली. माझे डोळे भरून आले. चाचा "माशाल्ला" म्हणाले.

मग बाबांचा उजवा हात वर चढत गेला. बोटं फिरत होती, आवाज नव्हता. त्यांनी तीच जागा पुन्हा घेतली. कान जवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं. इतके घाबरलेले मी त्यांना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"वरचे सूर ऐकू येत नाहीत मला," ते म्हणाले. "कान गेले का रे माझे?"

चाचा माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं.

"वय झालं ना, बाबा," मी म्हणालो. "होतं असं."

त्यांनी मान हलवली. "बहिऱ्याने साथ करू नये," म्हणाले आणि झाकण लावलं. पुन्हा ते त्यावर बसले नाहीत. चाचा चहा न घेताच गेले.

तेव्हापासून मी बाबांशी मोठ्याने बोलतो. त्यांना सगळं नीट ऐकू येतं.