आत्या, चंद्री आणि फुटकी बॅटरी

आत्या काल सकाळी गेली. हातातला चहा अर्धाच राहिला.

निमगाव सावा गावात एकटी राहायची. तीन गाई, हाच तिचा संसार.

तीनेक वर्षांपूर्वी तिचा फोन आला. "गौरीला दिसंना झालंय गं. भितीला डोकं लावून हुबी हाय."

मी नारायणगावात मेडिकलमध्ये कामाला. जीप पकडून पोचले, तोवर दुसरी गाय चंद्रीही लटपटायला लागली होती. दात करकर खात होती.

जनावरांचे डॉक्टर आले. गाईंना तपासलं आणि मग गोठाभर फिरले.

कडब्यावरची ताडपत्री उडू नये म्हणून वर ट्रॅक्टरची जुनी बॅटरी ठेवलेली. ती फुटून राखाडी भुकटी कडब्यात सांडली होती.

"शिसं आहे हे. गाईंनी चाटलंय. कोणी ठेवली ही?"

आत्या म्हणाली, "म्या."

तेवढंच. मग खाली बसली.

गौरी त्याच संध्याकाळी गेली.

चंद्रीला डॉक्टरांनी बी-वनची इंजेक्शनं चालू केली.

मी विचारलं, "व्हिटॅमिननं काय होणार, डॉक्टर?"

"शिसं मेंदूवर जातं. बी-वननं मेंदूला आधार मिळतो. शिसं बाहेर काढायचं औषध वेगळं, ते पुण्याहून मागवलंय. दोन्ही मिळून चान्स आहे. खात्री नाही."

त्यांच्याकडचा स्टॉक संपला, तेव्हा मी दुकानातून इंजेक्शनं नेली. आत्या चंद्रीची मान मांडीवर घेऊन बसायची. जेवायलाही उठायची नाही.

आठव्या दिवशी आत्या पाण्याची बादली घेऊन गोठ्यात आली आणि चंद्रीची मान बादलीकडे वळली.

आत्यानं बादली दुसरीकडे नेली. मान तिकडे वळली.

"दिसतंय गं हिला!" एवढं म्हणून ती जी रडली!

पण डॉक्टरांनी बजावलं होतं. चंद्रीचं आणि ठणठणीत दिसणाऱ्या तिसरीचंही दूध डेअरीला घालायचं नाही. रक्ताचा रिपोर्ट क्लिअर येईपर्यंत.

रिपोर्ट क्लिअर यायला कित्येक महिने गेले.

रोज दोन वेळा धार काढायची आणि लांब खड्ड्यात ओतायची.

शेजारचे नाना म्हणाले, "वहिनी, दूध तर पांढरंशुभ्र हाय. कुणाला कळतंय?"

"नाना, डेरीतलं दूध कुणाचं तरी लेकरू पितंय."



मला वाटलं, संपलं. पण एक दिवस आत्या गोणी घेऊन निघाली. घरोघर. ज्याच्या गोठ्यात जुनी बॅटरी दिसेल, ती मागून घ्यायची आणि भंगारवाल्याकडे पोचवायची. कोणी "कशाला?" विचारलं, की गौरीचं सगळं सांगायची. स्वतःचं नाव घेऊन.

मला लई अवघड वाटलं. म्हटलं, "आत्या, गावभर कशाला सांगतेस? लोक तुलाच नावं ठेवतील."

"ठिवू दे की. मी लाज धरून गप बसले, तर उद्या दुसऱ्याची गाय जाईल. मग?"



आज मातीला आलेल्या बायकांमध्ये एक अनोळखी बाई होती. मला म्हणाली, "आमच्या गोठ्यातली बॅटरी तुमच्या आत्यानं नेली व्हती. तवा राग आला व्हता."

मग पदरानं डोळे पुसले.

आत्या, सुखानं जा.