बिनस्टार्टचा रिमोट

तिसगावच्या आमच्या घरातला व्हिडिओ गेम काही अस्सल नव्हता. परदेशी यंत्राची कुणीतरी केलेली नक्कल बाजारात मिळायची, ती वडिलांनी आणली होती. गेल्या दिवाळीत मी त्या नकलेचीही नक्कल बनवली, आणि तीही निव्वळ खुन्नस म्हणून.

त्या गेमला दोन रिमोट होते आणि स्टार्टचं बटण फक्त पहिल्यालाच होतं. पहिला रिमोट कायम दादाकडे, कारण तो थोरला. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, सगळं तोच ठरवणार. मी दुसरा रिमोट धरून त्याचा गडी खड्ड्यात पडायची वाट बघत बसायची, कारण तो मेल्याशिवाय माझी पाळी येत नसे. तेवढं एक बरं होतं की दादाला खेळता येत नव्हतं. दोन मिनिटांत मरायचा. त्यावरून मी त्याला माझं लग्न होईपर्यंत चिडवलं.

आता काष्टीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे बारीक तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायला माझा हात बसलेला. एक छोटा कॉम्प्युटर बोर्ड मागवला आणि लाईट फिटिंगच्या प्लास्टिकच्या डबीत बसवला. रिमोटही तसल्याच डब्यांचे केले. बटणं मात्र दारावरच्या बेलची लावली, ती दाबायला अंगठा पैलवानाचा लागतो. पहिल्यांदा सुरू केलं तर उजवीकडचं बटण दाबलं की गडी डावीकडे पळायचा, कारण तारा मीच उलट्या जोडल्या होत्या. दोन रविवार त्यात गेले. शेवटी दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण मुद्दामच लावलं नाही. भाऊबीजेला दादा यायचा होता आणि मला जुनं उट्टं काढायचं होतं.

ओवाळून झालं, जेवणं झाली. मी दुसरा रिमोट दादाच्या हातात ठेवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला, हसला आणि निमूट बसला. मी स्टार्ट दाबलं, आणि काही केल्या मरेचना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दादा आपला रिमोट मांडीवर घेऊन बसलेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

"अगं, मर की आता," तो म्हणाला.

मी म्हटलं, मला तुझ्यासारखं दोन मिनिटांत मरायला जमत नाही.

"मी मुद्दाम उडी घेत हुतो खड्ड्यात," तो टीव्हीकडे बघतच म्हणाला. "तुझं तोंड रडवेलं झालं की घ्यायचो. न्हाईतर तुझी पाळी कवा आली असती?"

मी खेळ थांबवला. माझे डोळे भरून आले आणि त्याचा रागही आला. इतकी वर्षं माझी टिंगल ऐकून घेतलीस, बोलला का नाहीस, असं मी त्याला विचारलं.

"सांगितलं असतं तर तू खेळली असतीस व्हय?"

नसते खेळले. रिमोट फेकून रुसून बसले असते.

मी पुन्हा स्टार्ट दाबलं. चालू होती ती पातळी मात्र पुरी केली, दादाइतकी काही मी चांगली नाही. मग पुढच्या पहिल्याच खड्ड्यात उडी घेतली.

"घे दादा," मी म्हटलं, "तुझी पाळी."