सहा यंत्रांची नावं

धनाजी मेटकरी गेला त्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. दात घासता घासता तो बेसिनपाशी खाली बसला, तो उठलाच नाही. वय त्रेचाळीस. सोलापूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर तोच बघायचा. मी तिथली ग्रंथपाल. त्याची बायको वैजयंती दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला चपला कुठं काढायच्या ते सांगत होती. दुपारी तिच्या सासूबाई मुक्ताबाई मंगळवेढ्याहून आल्या. सुनेच्या तोंडाकडं बघून हळूच मला म्हणाल्या, "हिच्या डोळ्याला पानी न्हाय की. हे बरं न्हाय."

पाच महिन्यांनी वैजयंतीला अनुकंपेवर नोकरीची ऑर्डर मिळाली. प्राचार्यांनी तिला माझ्या हाताखाली दिलं. ती पुस्तकांना नंबराची लेबलं चिकटवायची, अगदी सरळ, एकही वाकडं नाही. दुपारी आम्ही एकत्र डबा खायचो. भाकरी, शेंगाची चटणी, कधी पिठलं. एकदा भाजीत मीठच नव्हतं. मी म्हटलं, तर म्हणाली, "नाही का? मला कळलं नाही." घरी सहावीतली मुलगी संस्कृती आणि आता कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई. त्यांच्याविषयी विचारलं की "बरं आहे" म्हणायची, तेवढंच.

गणपतीच्या सुट्टीत कॉलेजनं सगळं नेटवर्क बदललं. सुट्टी संपली आणि शिवानंद बिराजदार सर माझ्या टेबलापाशी येऊन वैतागून उभे राहिले. सर ज्वारी आणि पावसाचं गणित करतात. ते एका कॉम्प्युटरला झेपत नाही, म्हणून धनाजीनं सहा यंत्रं जोडून एक संच केला होता. एकच काम सहाही यंत्रं वाटून घ्यायची. आता काम सुरू व्हायचं आणि मध्येच अडकायचं.

"पुण्याचा माणूस येऊन गेला," सर म्हणाले. "सगळं पुसून नव्यानं घालतो म्हणतोय. माझं चार महिन्यांचं अर्धवट काम जाणार."

वैजयंतीच्या हातात लेबल होतं. ते तिनं चिकटवलं आणि म्हणाली, "सर, मी बघू का?"

लग्नाआधी ती एका क्लासमध्ये चार वर्षं नेटवर्किंग शिकवत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. धनाजी कधी बोलला नव्हता.

सर्व्हर रूमला ती मलाही घेऊन गेली. आत एसीचा गारठा. खुर्चीच्या पाठीवर धनाजीचा राखाडी स्वेटर तसाच होता. मला वाटलं, आता ही बाहेर जाईल. तिनं स्वेटर झटकला, अंगात घातला आणि बसली. थंडी वाजत होती, म्हणून.

तासाभरानं तिनं सरांना समजावलं ते मलाही कळलं. प्रत्येक यंत्राला दोन नेटवर्क कार्डं, म्हणून पत्तेही दोन. एक कॉलेजच्या बाजूचा, दुसरा या सहांच्या आपसातल्या वेगवान जाळ्यातला. पण नाव मात्र एकच. कोणत्या नावाचा पत्ता कोणता, हे सांगणारा सर्व्हर धनाजीनं चालवलेला होता आणि तो आतला पत्ता सांगायचा. नवा सर्व्हर बाहेरचा सांगू लागला. त्यामुळं एकाच कपाटात वरखाली बसलेली यंत्रं एकमेकांना निरोप पाठवताना सगळ्या कॉलेजला वळसा घालत होती, आणि नवी सुरक्षा ते वाटेत अडवत होती.

"सर, यंत्रं बिघडलेली नाहीत," ती म्हणाली. "चुकीच्या पत्त्यावर एकमेकांना शोधताहेत."

तिनं ठरवलं ते साधं होतं. एन-वन ते एन-सिक्स ही यंत्रांची नावं फक्त आतल्या पत्त्यांना द्यायची. बाहेरच्या पत्त्यांना त्याच नावांपुढं 'बाहेर' जोडून वेगळी नावं. शिवाय धनाजीनं प्रत्येक यंत्राला एक टोपणनाव ठेवलं होतं: ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, करडई, जवस. सरांचे जुने प्रोग्रॅम त्याच नावांनी हाका मारायचे, म्हणून तीही आतल्या पत्त्यांपुढं लिहायची. आणि प्रत्येक यंत्राला सांगून ठेवायचं की आधी स्वतःजवळची नाव-पत्त्यांची यादी बघ, त्यात नाव नसेल तरच कॉलेजच्या सर्व्हरला विचार.

धनाजीच्या फायलीत जागोजागी त्याच्या सूचना होत्या, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. ती वाण्याची यादी वाचावी तशा वाचत गेली.

सरांनी काम सुरू केलं. दोन मिनिटांत अडकलं.

"हं," वैजयंती म्हणाली. यादी प्रत्येक यंत्रावर वेगळी असते आणि तिनं फक्त पहिल्यावरची बदलली होती. मग जुन्या ओळी न पुसता तिनं नव्या ओळी सगळीकडं खाली जोडल्या. पुन्हा अडकलं, या वेळी चौथ्यावर. पाच वाजले होते. "उद्या बघते," म्हणून ती संस्कृतीला शिकवणीतून आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिला चूक सापडली. चौथ्या यंत्राच्या यादीत अगदी वर एक जुनी ओळ होती. तिच्यामुळं ते यंत्र आपल्या नावापुढं 'मी स्वतः' असा पत्ता धरायचं आणि इतरांनाही तोच द्यायचं. मग प्रत्येक जण चौथ्याला आपल्याच घरात शोधत बसायचा. इतकी वर्षं यंत्रं आधी सर्व्हरला विचारायची, म्हणून ती ओळ कुणी वाचतच नव्हतं. ओळीशेजारी धनाजीनं लिहिलं होतं: तात्पुरतं. नंतर काढणे. तारीख सहा वर्षांपूर्वीची.

तिनं ती ओळ मला बोटानं दाखवली. "हे काढायचं राहिलं त्यांचं," म्हणाली आणि ओळ पुसली.

मग तिनं प्रत्येक यंत्रावर जाऊन सहाही नावं विचारून बघितली, आणि पत्त्यावरून नाव बरोबर येतं का, तेही. ती बोलायची, मी कागदावर टिक करायची. जेवायची सुट्टी त्यातच गेली. सरांचं काम सुरू झालं ते थांबलं नाही.

परत येताना जिन्यात मी विचारलं, "ती ओळ काढताना काय वाटलं गं?"

तिनं खरंच आठवून बघितलं. "काही नाही, रुपालीताई. ओळ होती. काढली."

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले होते. मी मुक्ताबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुनेला विचारलं, "धनाजी करायचा, त्येच केलंस व्हय तू?"

"हो."

"मग जेव आता," म्हणाल्या आणि ताट वाढलं. वैजयंती जेवली.

शिवानंद सर प्राचार्यांकडं जाऊन बसले आणि महिन्याच्या आत तिला धनाजीच्या जागेवर घेतलं. तिनं यंत्रांचे पत्ते, नावं, टोपणनावं असा तक्ता करून भिंतीवर लावला, म्हणजे ती नसली तरी कुणाचं अडू नये. याला आता दोन वर्षं झाली. पुण्याच्या माणसाला बोलवायची वेळ पुन्हा आली नाही.

गेल्या महिन्यात संस्कृतीच्या स्नेहसंमेलनासाठी कापड घ्यायला आम्ही नवी पेठेत गेलो होतो. दुकानदार जुन्या ओळखीचा. मापून कापड फाडता फाडता त्यानं सहज विचारलं, "साहेब नाही आले का?" त्याला ठाऊक नव्हतं.

"नाही आले," वैजयंती म्हणाली. "अस्तर पण द्या दोन मीटर."

बाहेर रिक्षांची गर्दी होती. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझा दंड धरून रस्ता ओलांडला.