‘रिकामं पोट’ची तिसरी खाच

हेडली ॲलसॉपला देवाने आवाज दिला होता. ऐकणारी माणसं मात्र द्यायची राहून गेली होती. दुधाच्या गाडीवर होता तेव्हा तो दारोदार इतका बोलत उभा राहायचा, की गल्लीच्या टोकाच्या घरी दूध पोचेपर्यंत त्याचं दही व्हायचं. डेअरीने त्याला हात जोडले. मग चॅपलमध्ये प्रवचनाची पाळी मिळाली. त्या प्रवचनाचा उत्तरार्ध लोकांनी आपापल्या घरी, जेवता जेवता, उघड्या खिडकीतून ऐकला. घरी बायको एनिड ऐकायची, पण ओठांतल्या ओठांत विणकामाचे टाके मोजत. त्या संसारात एनिडचा एकही टाका कधी चुकला नाही, यावरून काय ते समजावं.

हेडली पन्नाशीत आला, मामा वारला आणि त्याला ‘रिकामं पोट’ मिळालं.

‘रिकामं पोट’ ही हॅदरलो गावामागच्या टेकडीतली शिशाची खाण. डर्बीशरच्या या डोंगरांत इतकी भोकं आहेत की मेंढी हरवली तर माणसं आधी जमिनीत वाकून बघतात, मग इकडे तिकडे. खाणीचं नाव ठेवणारा पूर्वज रोखठोक होता. आजोबांच्या काळातच तिथलं काम थांबलं होतं. हेडलीने तोंडाशी नवा लाकडी राहाट उभा केला, एक पाटी रंगवली आणि पाहुण्यांना आत न्यायला सुरुवात केली.

आत गेल्यावर त्याला आपल्या आयुष्याचा अर्थ सापडला. पन्नास पावलांवर बोगदा वळतो आणि मिट्ट काळोख होतो. दिवा एकच, आणि तो हेडलीच्या हातात. बोलणं संपेपर्यंत कुणालाही कुठेही जाता येत नाही.

तो जे सांगायचा त्यातलं बरंचसं त्याचं स्वतःचं असायचं. एका कोपऱ्यात रोमन लोकांनी आंघोळ केली होती. एका खोबणीत एक प्रेमी युगुल गाडलं गेलं होतं. पाहुणे वयस्क असले तर ते युगुल शेवटी सुखरूप बाहेर यायचं. खरं होतं ते एवढंच, की इथे जुन्या खाणकऱ्यांना आणि त्यांनी खणलेल्या बोगद्यांना मिळून ‘म्हातारा’ म्हणतात, आणि नाताळच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्यासाठी आत मेणबत्ती ठेवतात. हेडली ती जुलैतही लावायचा. म्हातारा तक्रार करत नव्हता.

तक्रार केली ती सिरिल बॅगशॉने. सिरिलची गुहा गावाच्या दुसऱ्या टोकाला. छताला लोंबणारे चुन्याचे सुळके, त्यांवर लाल-हिरवे दिवे. एका सुळक्याला तो ‘राणी व्हिक्टोरिया’ म्हणायचा. बाजूने पाहिलं तर ती हुबेहूब सिरिलची सासू दिसायची. हेडली आपल्या पाहुण्यांना जाता जाता सांगायचा, की सिरिलकडचे सुळके सिमेंटचे आहेत आणि दर वसंतात तो ते नव्याने ओततो. हे सिरिलच्या कानावर गेलं. एकोणीसशे पंचाहत्तरच्या मे महिन्यात तो टोपी कपाळावर ओढून एका सहलीत घुसला आणि हेडलीच्या दिव्यामागे निमूट चालला.

“एक कण शिसं उरलेलं नाही इथे,” हेडली रंगात येऊन म्हणाला. “आणि आजोबांनंतर या भिंतीला कुणी कुदळ लावलेली नाही.”

“आभारी आहे,” सिरिल म्हणाला आणि टोपी वर केली.

हेडलीने टोपीखालचा चेहरा ओळखला. या डोंगरांतला खाणीचा कायदा जुन्या राजांच्या काळचा आहे. जमीन कुणाचीही असो, शिसं कुणीही शोधावं. खाण त्याची, जो ती खणत राहील. बंद पडली असं कुणी म्हटलं, तर खाणींचा कारभारी येतो आणि राहाटाच्या लाकडावर सुरीने खाच पाडतो. आठवड्याला एक. तिसऱ्या खाचेनंतर खाण तक्रार करणाऱ्याची. पाणी भरलं असेल किंवा हवा खराब असेल, तरच माफी.

कारभारी होता सेप्टिमस थॉर्प. एरवी गुरामेंढरांचा डॉक्टर. त्यामुळे तो माणसांशीही हळू आणि मोठ्याने बोलायचा, आणि उत्तराची फारशी अपेक्षा ठेवायचा नाही.

“हवा खराब आहे, सेप्टिमसभाऊ,” पहिल्या शुक्रवारी हेडलीने छातीवर हात ठेवून सांगितलं. “विषारी वायू. म्हणून काम थांबलंय.”

“अरेरे. आणि काल ती शाळेची सहल आत नेलीस ती?”

हेडलीने थोडा विचार केला. “मुलं लहान असतात. कमी श्वास घेतात.”

थॉर्पने सुरी काढली आणि पहिली खाच पाडली. सोबत आलेल्या सिरिलने त्यावरून प्रेमाने अंगठा फिरवला.

त्या रात्री हेडलीच्या घशाखाली ओटची धिरडी उतरेनात. “खाण गेली तर मी काय करू गं?”

“घरी बस,” एनिड म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिची सुई थांबली. तिने डोळ्यांसमोर आणलं: हेडली, सकाळपासून रात्रीपर्यंत, या खोलीत. “बागेत माझ्या फुलझाडांभोवती जे काळे चकचकीत दगड आहेत ना, तुझ्या मामाने दिलेले, ते शिशाचे आहेत. ने ते. सगळे ने.”

दुसऱ्या शुक्रवारी बोगद्याच्या टोकाला, दिव्याच्या उजेडात, शिशाचा छानसा ढीग होता. शेजारी कुदळ. हेडलीने कपाळावर पाणी शिंपडून घाम आणला होता.

थॉर्पने एक दगड उचलला, उलटा केला, नाकाशी नेला. “हेडली, याच्यावर गोगलगाय आहे.”

“खोलातली जात आहे ती.”

“आणि हे जांभळं फूल?”

“म्हातारा शौकीन होता,” हेडली क्षीण आवाजात म्हणाला.

दुसरी खाच पहिलीपेक्षा खोल पडली. सिरिल खिशातून टेप काढून बोगद्याची रुंदी मोजायला लागला. “इथे निळा दिवा. तिथे गुलाबी. आणि बोलायला कुणी ठेवणार नाही मी, रेकॉर्ड लावून टाकीन.”

मग स्वतः खणायला काय झालं होतं, असं कुणी विचारेल. हेडलीने एका संध्याकाळी खणून पाहिलं. कुदळीचे काही घाव घातले, आणि उरलेली संध्याकाळ बोगद्यात पालथा पडून कंबर या विषयावर तो भिंतीशी बोलला. पुढचे काही दिवस एनिड त्याच्या पाठीला मलम चोळत होती.

तिसऱ्या शुक्रवारी कारभारी यायच्या आधी लेस्टरहून एक बस आली. मोज्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या बायका. त्यांची म्होरकी ग्लॅडिस टॉमलिन, दंड असे की तिला दार उघडून द्यायची कुणाची हिंमत नसे. हेडलीने त्यांना आत नेलं, पण रोमन लोकांच्या आंघोळीपाशी त्याने दिवा खाली ठेवला.

“बायांनो, ही शेवटची फेरी,” तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या काळोखात खरं काय ते सांगितलं. सिरिल, सुरी, खाचा, सगळं. खरी गोष्ट फार लवकर संपते हे पाहून त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

“म्हणजे खाण चालू दिसली पाहिजे?” ग्लॅडिसने विचारलं. ती सगळ्या पुरुषांना ‘सोन्या’ म्हणायची, नवऱ्याला सोडून.

“हो.”

“कुदळ कुठाय, सोन्या?”

“अहो, पण कंबर…”

“मी कंबर विचारली का? कुदळ विचारली. मॉरीन, माझी पर्स धर. आयव्ही, तो हातोडा घे. इतकी वर्षं त्या सुपरवायझरचा चेहरा डोळ्यांपुढे येतोय माझ्या, आज भिंत मिळालीये.”

थॉर्प आणि सिरिल बोगद्यात शिरले तेव्हा आतून येणाऱ्या आवाजाने छतातून माती गळत होती. बायकांनी कोट काढून दगडांवर टांगले होते. एकीचा अंबाडा सुटला होता. भिंतीत टेबलाएवढा खड्डा पडला होता आणि आयव्ही कुणा मिस्टर पॉटरच्या नावाने शिव्या देत हातोडा चालवत होती.

“हे काम नव्हे!” सिरिल ओरडला. “या पाहुण्या आहेत! तिकीट काढून आल्यात!”

“मग?” ग्लॅडिस कपाळ पुसत वळली. “काम करायला वर पैसे देणारी माणसं तुझ्या गुहेत येतात का रे, सोन्या?”

“सेप्टिमस, कायद्यात खाणकरी लागतो!”

थॉर्पने डोळे मिटून कायदा आठवला. त्यात ‘कुणीही’ असा शब्द होता. बाई नको, म्हातारी नको, लेस्टरची नको, असं राजाने कुठेही म्हटलेलं नव्हतं. राजाला ग्लॅडिस ठाऊक नसावी. शिसं सापडलंच पाहिजे असंही नव्हतं. खणलं पाहिजे, एवढंच.

“खाण चालू आहे,” तो म्हणाला आणि सुरी मिटून खिशात टाकली. “पण हेडली, दर आठवड्याला चालू दिसली पाहिजे. मी येत राहीन.”

सिरिल टेप गुंडाळत बाहेर गेला. हेडलीने ग्लॅडिसचे दोन्ही हात धरले आणि आभाराचं भाषण सुरू केलं, पण ती ऐकायला थांबली नाही. बसला अजून अवकाश होता आणि खडक नुकता ढिला व्हायला लागला होता.

लेस्टरला जाऊन त्यांनी सांगितलं. पुढच्या आठवड्यात डर्बीहून टपाल खात्याच्या बायका आल्या, मग शेफील्डहून दोन बस भरून शिक्षिका, आणि त्यांच्याइतक्या जोराने आजवर कुणी खणलं नव्हतं. खाण वाचली. एनिड चॅपलमध्ये जाऊन आली आणि तिने नवा स्वेटर सुरू केला.

हेडली अजून रोज आत जातो. प्रेमी युगुलाची गोष्ट तो सुरू करतो, मुलीचा बाप कंदील घेऊन निघतो, आणि तिथे कुदळी सुरू होतात. मग तो ओरडून सांगतो. परवा ऐन गाडलं जाण्याच्या क्षणी एका शिक्षिकेने मागे न बघता त्याच्याकडे घमेलं सरकवलं.

“काका, बोलणं नंतर. आधी हा ढिगारा उचला.”

हेडलीने दिवा खुंटीला अडकवला. मग त्याने घमेलं भरलं, कमरेला एक शिवी हासडली आणि बाहेर ओतायला निघाला.