टाळ्या पडल्या ती चाचणी

आमचे काका इमारतींत स्प्रिंकलर बसवायचे. काकू ज्या गोदामात पॅकिंगला होती, तिथलं कामही त्यांचंच. छत चार मजले उंच. बारीक थेंबांचे स्प्रिंकलर काकांनीच निवडले. चाचणीत जमीन छान भिजली, टाळ्या पडल्या. अहो, आगीशिवाय घेतलेली ती कसली डोंबलाची चाचणी! खरी आग लागली, तेव्हा जिथे जळत होतं, नेमके तिथलेच थेंब धगीत वरच्या वर विरले. मग जो तो सांगायला लागला, इथे मोठ्या, जड थेंबांचे हवे होते. बैल गेला नि झोपा केला.

काका अजून विचारतात, "पाणी चालू होतं ना रे?"

चालू होतं, काका. काकू सापडली तेवढी जागा सोडून सगळी जमीन भिजली होती.